मडम मायचा चारचा चहा

३ मार्च, सोमवार. सकाळ.

आजपासून रोजनिशी पुन्हा सुरू. कोणाला दाखवायची नाही. मोठ्या कामाची नोंद असावी, एवढंच.

मोठं काम म्हणजे टेकडीवरच्या जुन्या चर्चच्या इतिहासाचं प्रदर्शन. पास्टर इंगळे काल मॉर्निंग वॉकला भेटले. ईस्टरच्या सुमारास चर्चमध्ये थोडे जुने फोटो मांडावेत असं मनात आहे, म्हणाले. मी म्हटलं, पास्टर, फोटो मांडायला फ्लेक्सवाला पुरतो, इतिहासाला क्युरेटर लागतो, मांडणीतला जाणकार. ते हसले. हसले म्हणजे होच.

माझी पात्रता? उभी नोकरी बुलडाणा स्टँडच्या माइकवर गेली. वाहतूक नियंत्रक. गाडी कुठून आली, कुठं जाणार, मधेच का थांबली, हे लोकांना समजावून सांगणं म्हणजे दुसरं काय? इतिहासच.

कोकिळा पूनमकडे आहे, जळगाव जामोदला. लेकीच्या बाळंतपणाला गेली. बाळंतपण झालं, बारसं झालं, तरी तिथंच. बारशाला मी गेलो नाही. निमंत्रण जावयाच्या फोनवरून आलं, कोकिळेच्या नाही. घर छान शांत आहे. मी मजेत.

संकल्प : पहिला फोन मी करणार नाही. गावाला जातो त्यानं पोचल्याचं कळवायचं असतं. साधा नियम.

६ मार्च, गुरुवार.

चर्च आतून पाहिलं. बाहेर ऊन मी म्हणतंय आणि आत पाऊल टाकलं की अंगावर काटा येईल असा गारवा. काटा गारव्यानं. दुसरं कारण नाही.

आपलं पाऊल पडल्यावर थोड्या वेळानं दुसरं कोणीतरी पाऊल टाकतं. याला ॲकॉस्टिक्स म्हणतात.

मागच्या अंगणात साहेबलोकांच्या कबरी. एका दगडावरचं नाव पार झिजलंय. इंग्रजीत फक्त 'वाइफ ऑफ' एवढं शिल्लक. कोणाची, तेही गेलं. पास्टर म्हणाले, कुठंच नोंद नाही, आम्ही पण तिला नुसती बाईची कबर म्हणतो.

११ मार्च, मंगळवार.

पॅनल तयार, म्हणजे भिंतीवर लावायचा बोर्ड. चर्चची वीट कुठली, चुना कुठला, घंटा कशी चढवली. भक्कम मजकूर. ट्रायल म्हणून चांगुणाबाईला दाखवला. ही भाजीवाली, दुपारची टोपली उतरवून चर्चच्या ओसरीत आडवी होते. पाहिलं, आणि जांभई दिली. म्हणे, साहेब, हे सारं बरं हाय, पण इथं माणूस कोणं नाही काय?

अडाणी बाई. पण पॉइंट घेतला. इतिहासाला ह्यूमन टच पाहिजे.

१४ मार्च, धुळवड.

कोणी रंग लावायला आलं नाही. बरंच झालं. लिहायला सलग दिवस मिळाला.

ओट्याजवळ बसून एका बैठकीत पॅनल लिहून काढलं. मिसेस एमिली! 'वाइफ ऑफ' हा पुरावा आहेच, बाकी रिसर्च. नवरा सर्व्हेवाला साहेब. सातपुड्याच्या अंगाला गेला, परतलाच नाही. ती रोज चारला वेस्ट्रीच्या खिडकीत दोन कप मांडायची. (वेस्ट्री म्हणजे वेदीमागची खोली. आम्हा अभ्यासकांचा शब्द.) एक कप स्वतःचा, एक त्याचा. त्याच्या कपावर माशी बसू नये म्हणून बशी झाकायची. त्याची खुर्ची पदरानं पुसायची. मग कोरडं खोकून, बिनशब्दांची एक चाल गुणगुणत बसायची. त्याचा चहा निवला की स्वतःच पिऊन टाकायची, वाया जाऊ नये म्हणून. एके दिवशी हाक मारायचीच थांबली. आणि गेली.

'आजही चारच्या सुमारास इथं सुंठेचा वास येतो.' हे शेवटचं वाक्य लिहिताना डोळ्यांत पाणी आलं. आपलं लेखन आपल्यालाच भिडतंय म्हणजे काय ताकद असेल!

१७ मार्च, सोमवार.

पास्टरांच्या शंका. मडमेला पदर कुठला? रुमाल केला. मडम चहात सुंठ घालते का? मी म्हटलं, आमच्या हवेत घालावीच लागते. हे सगळं कुठं सापडलं? मी म्हटलं, जिथं सापडायचं तिथंच. त्यांनी मग विचारलं, वहिनी कधी येणार? विषय सोडून बोलायची सवय आहे माणसाला.

२० मार्च, गुरुवार.

माझ्या आवाजात पॅनलचं रेकॉर्डिंग केलं. छोटा स्पीकर खिडकीत लपवणार. सुरुवातीला 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे' निघून गेलं तोंडातून. राहू दिलं. आपण सगळे प्रवासीच, असा खोल अर्थ निघतो.

२६ मार्च, बुधवार. दुपार.

वेस्ट्रीत गेलो तर खिडकीत दोन कप. एकावर बशी.

मी घाबरलो नाही. जरा बाहेर जाऊन ओसरीत बसलो, हवा घ्यायला. चांगुणाबाईला विचारलं, तुम्ही ठेवले का? म्हणे, मी कायले ठेवू, साहेब, थे तं तुमच्याच पिशवीतले हायेत, कालच्या दिवशी तुमीच मांडून बसले होते.

शक्य आहे. थर्मास मी घरूनच नेतो. कप दोन नेतो कारण आमच्याकडे ते जोडीतच आहेत, एक नेला तर दुसरा हरवतो. पण बशी मी कशाला झाकू? मी आयुष्यात बशी झाकली नाही.

३० मार्च, पाडवा.

गुढी उभारली नाही. साडी कुठल्या पेटीत ते कोकिळेला माहीत. फोन करून विचारता आलं असतं. संकल्प आठवला.

चारला घरात, स्वयंपाकघरातून झाकणीचा आवाज. पातेल्यावर ठेवल्यासारखा. मांजर असणार. शेजाऱ्यांकडे मांजर नाही म्हणतात. गावात कुठंतरी असेलच.

कोकिळा पूनमकडे निघाली तेव्हा मी स्टँडवर गेलो नव्हतो. उभी नोकरी लोकांना निरोप दिला, आता रिटायर झाल्यावर पण ड्यूटी? निघताना दारात म्हणाली, तुमाले हाका मारू मारू माह्या घशाले कोरड पडली, आता तुमीच हाक मारजा. मी पेपर वाचत होतो. ऐकू आलं होतं.

आज उगीच आठवलं.

२ एप्रिल, बुधवार.

वेस्ट्रीतली खुर्ची फिरली! वेदीकडे तोंड करून ठेवली होती. आज खिडकीकडे. बसायची जागा स्वच्छ पुसलेली. बाकी सगळीकडे बोटबोट धूळ.

पास्टर म्हणतात, तुम्हीच सरकवता, परवा मी पाहिलं, तुम्ही पुसतही होता. मी? घरात कधी फडकं हातात घेतलं नाही, कोकिळेला विचारा.

संध्याकाळी तीच बिनशब्दांची चाल कानावर आली. चर्चमध्ये नाही. माझ्याच तोंडून, घरी येता येता. सर्दीमुळे असं होतं.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार. (ईस्टरच्या आधीचा.)

उद्घाटन! भाषणासाठी मुद्दे काढले होते. पास्टरांनी प्रार्थना केली आणि थेट चला बघायला म्हणाले. असो.

माणसं बरी होती. विटा-चुना पॅनलपुढे कोणी थांबलं नाही. वेस्ट्रीच्या खिडकीशेजारी लावलेल्या मिसेस एमिलीपुढे मात्र गर्दी हलेना. स्पीकरमधून माझा आवाज, 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, एमिली इथं वाट पाहत आहे'. एक म्हातारी रडली. चर्चच्याच एक बाई म्हणाल्या, आपण एवढी वर्षं तिच्या दगडावरून चालत गेलो. लगेच जाऊन गवत उपटलं.

चांगुणाबाई सर्वांत शेवटी निघाली. जाताना कबरीपाशी वाकून काहीतरी पुटपुटली. ऐकू आलं नाही.

१५ एप्रिल, मंगळवार.

चांगुणाबाईची सून रुसून माहेरी गेली होती, रोहिणखेडला. काल संध्याकाळी आपणहून परत आली. चांगुणाबाई सगळ्या भाजीबाजाराला सांगत सुटलीये की मडम माय पावली. जिनं वाट पाह्यली तिलेच वाट पाह्याचं दुःख समजते, म्हणे.

मडम माय! माझी मिसेस एमिली!

कबरीवर नारळ, हिरव्या बांगड्या, खण. आणि चहा. दोन कप, एकावर बशी. मी हसलो. चार लोकांत वैज्ञानिक दृष्टिकोन ठेवणारं कोणीतरी हवं.

मी निर्माण केलेली बाई लोकांना पावते आणि मला नुसती खुर्ची फिरवून दाखवते. हे मात्र बरोबर नाही.

१८ एप्रिल, गुड फ्रायडे.

साखरखेर्ड्याहून एक टेंपो भरून बाया. कोणाचा लेक सुरतेला गेला तो फोन घेत नाही, कोणाचा नवरा निघून गेलाय, कोणाची बहीण बोलत नाही. गेलेलं माणूस परत आणायचं, हे मडम मायचं खातं, असं परस्पर ठरून गेलंय.

पास्टर इंगळे मला बाजूला घेऊन बसले. रागावले असते तर परवडलं असतं. म्हणाले, चंद्रशेखरभाऊ, आज आमचा शोकाचा दिवस, आणि बाहेर नारळ फुटून राह्यले. बायांना मी हाकलणार नाही, त्या दुःखातूनच आल्यात. पण तुम्ही खोट्याच्या जिवावर त्यांना आशा लावली. ज्या बाईचं नाव देवालाच ठाऊक, तिच्यावर तुम्ही तुमच्या घरची गोष्ट लिहिली. ती काढा, आणि रविवारी माइकवर खरं सांगा.

माझ्या घरची? मी म्हटलं, आमच्या घरी इंग्रज कोण आहे? ते मग खांद्यावर हात ठेवून आत गेले.

घरी येऊन जेवलो नाही. उपास. त्यांच्या सणाचा मान म्हणून.

२० एप्रिल, ईस्टर.

अनाउन्समेंट केली. 'सदर कथा उपलब्ध पुराव्यांच्या आधारे व काही ठिकाणी अंदाजाने तयार करण्यात आली असून प्रवाशांनी याची नोंद घ्यावी.' यापेक्षा स्पष्ट माणूस काय सांगणार?

बाया म्हणाल्या, साहेबाचा आवाज पाह्य कसा कापून राह्यला, तिनंच बोलाले लावलं असंन. आणि नारळ वाढले.

पॅनल मंगळवारी काढतो, असं पास्टरांना सांगितलं. उद्या काढता आलं असतं. उद्या स्क्रूड्रायव्हर नाही.

२२ एप्रिल, मंगळवार. संध्याकाळ.

जसं झालं तसं लिहितो.

दुपारी स्क्रूड्रायव्हर घेऊन गेलो. चर्च रिकामं. म्हटलं, पॅनल काढण्याआधी आज प्रूफ घेऊनच टाकू, खुर्ची कोण फिरवतं ते. वेस्ट्रीत झगे टांगायचा पडदा आहे, त्याच्यामागं उभा राहिलो. पडद्याला कापराचा वास. बाहेर पारवे घुमत होते, तेही थांबले.

चार झाले असतील. पावलं आली. एकटीच. ॲकॉस्टिक्स नव्हतं, कारण माझी पावलं जागेवर होती.

बांगड्यांचा आवाज. खुर्ची खिडकीकडे सरकली. कापडानं पुसल्याचा आवाज. कपात चहा ओतला. आणि सुंठेचा वास. देवाशपथ, सुंठेचा वास! बशी झाकली. मग खोकला. कोरडा, दोन वेळा.

रामरक्षा आठवायला गेलो तर तोंडात गाड्यांचं टाइमटेबल आलं. मेहकर, लोणार, खामगाव. मनातल्या मनात तेच म्हटलं.

मग ती बोलली.

बाई, म्हणे, तुह्यं नाव मले माहीत नाही, कोनालेच माहीत नाही. पण या बोर्डावरची बाई तू नाहीस. ही मी हावो. ही सुंठ माही, हा खोकला माहा, बशी मी झाकत होती. लोकायनं सांगतलं म्हनून जीपगाडीत बसून पाह्याले आली, अन वाचता वाचता खालीच बसली. आमच्या यायनं, माह्या नवऱ्यानं, मले जितेपणी मारून बोर्डावर लावलं, वं बाई.

कोकिळा. पडद्यापलीकडे तीन हातांवर. कोकिळा.

म्हणे, चहा बरा झाला असं एवढ्या संसारात कधी बोलले नाही. मले वाटे, यायले मी दिसतच नाही, मी घरात फिरनारं भूतच हावो. अन इथं पाहतो तं बशीपासून सारं लिवलं. म्हंजे पाहत होते, वं माय. पाहत होते अन बोलत नव्हते. आता याले मी रडू का हासू, तूच सांग.

नाक ओढल्याचा आवाज.

मग म्हणे, मले एवढंच दे. यायले एक फोन कराची बुद्धी दे. कोनं सांगून नाही, सोताहून. मी पाच नारळ फोडीन. नातवाले घिऊन येईन तुह्या पाया पडाले.

मी पडद्यामागं. दोन पावलं टाकली असती तर झालं असतं. पण क्युरेटरनं प्रेक्षकांच्या अनुभवात व्यत्यय आणू नये, असा संकेत आहे. शिवाय हातात स्क्रूड्रायव्हर होता. बरं दिसलं नसतं.

तिनं तिचा कप प्यायला. मग दुसराही, निवल्यावर. कप विसळून पुसून पालथे ठेवले आणि गेली. बाहेर जीप सुरू झाली. ओरडावंसं वाटलं. या आवाजानं पूर्ण स्टँड हलवत होतो मी. आज ओठ नुसते हलले.

वाळल्यासारखी वाटली. पडद्याच्या फटीतून पाठच दिसली.

पॅनल काढलं. घरी आणलं. भिंतीकडे तोंड करून ठेवलंय.

२४ एप्रिल, गुरुवार.

फोन केलेला नाही. कारण गंभीर आहे. मी फोन केला तर नवस पावला असं सिद्ध होईल. उद्या साखरखेर्ड्याहून दहा टेंपो येतील. अंधश्रद्धेला खतपाणी मी घालायचं? निव्वळ विज्ञानासाठी मी हा त्रास सोसतोय.

नंबर पाठ आहे का ते तपासलं. आहे.

तिच्याकडून सवय लागली की काय, आज चहावर बशी झाकली. एकाच कपावर. दुसऱ्या.

२५ एप्रिल, शुक्रवार.

सामान आवरायला वेस्ट्रीत गेलो. जरा खुर्चीवर टेकलो. खिडकीतून पूर्ण रस्ता दिसतो, थेट स्टँडच्या वळणापर्यंत. गाडी आली की माणूस मान उंचावून बघतो, आपोआप. बसून राहिलो. चहा निवला.

खाली फाटकाशी पाचसहा बाया थांबल्या. माझ्याकडे बोट दाखवून एक किंचाळली. मग सगळ्यांनी पदर डोक्यावर घेतले. चांगुणाबाई पुढे येऊन बघते तर मी. पण तोवर गावभर झालं होतं. साहेब आला! मडम मायचा साहेब परत आला! पांढरा पडलाय, म्हणे, अन खिडकीत बसून तिची वाट पाहून राह्यलाय.

माझ्यापुढे नारळ फुटला. मी हात हलवून नाही नाही म्हणालो, तर म्हणाल्या, आशीर्वाद देऊन राह्यला.

चांगुणाबाईनं नारळाची अर्धी वाटी हातात दिली. हळूच म्हणाली, साहेब, भूत होऊन बसण्यापरीस फोन करून टाका ना. हिला कोणी सांगितलं? सगळ्यांना सगळं माहीत असतं की काय या गावात.

२७ एप्रिल, रविवार.

नारळ दोन दिवस ओट्यावर आहे. वास येईल आता. खोबऱ्याची चटणी करावी म्हटलं. डाळं आधी भाजायचं की मिरची, हे कोकिळेलाच माहीत. अन्नाची नासाडी करणं मला पटत नाही. म्हणून, फक्त म्हणून, सकाळी फोन लावला. याचा नवसाशी काडीचा संबंध नाही. तसं सुरुवातीलाच स्पष्ट करायचं ठरवलं होतं. वाक्यं जुळवून ठेवली होती.

तिनं उचलला. मी म्हटलं, कोकिळे.

पुढचं वाक्य आठवेना. पलीकडून खोकला आला, कोरडा. मी पुन्हा म्हटलं, कोकिळे.

ती घरात वळून एवढ्या जोरात ओरडली की फोन कानापासून दूर धरावा लागला. पूनम, पावली वं! मडम माय पावली! नारळ आन पोरी, पाच नारळ आन! तेवढ्यात बाळ दचकून रडायला लागलं. पहिल्यांदाच ऐकलं मी त्याला. आवाज खणखणीत आहे. माइकशिवाय स्टँडभर जाईल असा. फोन बंद झाला.

चटणीचं विचारायचं राहूनच गेलं.

जळगाव जामोदहून गाड्या इथं किती किती वाजता पोचतात, हे मला झोपेतून उठवलं तरी सांगता येईल. तरी स्टँडवर फोन करून एकदा विचारून घेतलं.